पायाळू माणसाचं यंत्र

मी पायाळू आहे. जगात येताना आधी पाय घातले, डोकं मागाहून आलं. पुढेही हाच क्रम राहिला, असं बायकोचं मत. पायाळू माणसाला जमिनीतलं गुप्तधन दिसतं, हे यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या राजुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. डोळ्यांत मंत्रवलेलं काजळ घातलं की हंडे स्पष्ट दिसतात म्हणे. पायाळूवर वीज पडते, हेही सांगतात. म्हणून लहानपणी आभाळ गडगडलं की आजी मला आधी घरात ओढायची, वाळवण नंतर. दुखऱ्या कमरेवर पायाळूचा पाय लागला की उसण जाते, या समजुतीपायी मी निम्म्या आळीच्या कमरा तुडवल्या आहेत. एवढी सिद्धी असताना निवृत्तीनंतर मेटल डिटेक्टर कशाला घेतला? वय झालं की नजरेला चष्मा लागतोच की!

पऱ्हाटीच्या वावरात यंत्र चालू केलं आणि ते पावलोपावली ओरडू लागलं. मनातल्या मनात मी दुमजली वाडा बांधला, भाऊबंदांना खालच्या मजल्यावर जागाही दिली. खणलं, तर माती. शेजारी खणलं, तरी मातीच.

यंत्राची तबकडी जमिनीत सतत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते. खाली धातू असेल तर त्यात प्रवाह फिरतात आणि त्यांचा प्रतिसाद वर येतो. पण आपली काळी माती बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात आणि तेही हाकेला ओ देतात. माती तबकडीला चिकटून, नाणं वीतभर खाली. खोली वाढली की नाण्याचा आवाज झपाट्यानं क्षीण होतो, मातीचा मात्र शाबूत. यावर उपाय म्हणजे ‘ग्राउंड बॅलन्स’: तबकडी वरखाली करून मातीचा आवाज वजा करायचा. त्यात जमीन ओली आणि क्षारांची असली तर ती स्वतःच वीज वाहू लागते. विक्रेत्यानं सांगितलेली खोली हवेत धरलेल्या नाण्याची होती, हे मला पावती फाटल्यावर कळलं.

चुनखडकावर यंत्र शहाण्यासारखं वागतं. त्या दगडात चुंबकीय असं फारसं काही नसतं. पण राजुरात चुनखडक आहे तिथं चुनाभट्ट्या आल्याच. तापलेल्या मातीतली लोहाची संयुगं बदलून जास्त चुंबकीय होतात, म्हणजे भट्टीच्या आसपास पुन्हा बोंब. उरलेली कसर कोळशाच्या कॉलरीकडचे बोल्ट आणि तारा भरून काढतात. टेलिफोनवाल्या बेलनं 1881 साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली गोळी अशाच यंत्रानं शोधायचा प्रयत्न केला, तेव्हा गादीतल्या पोलादी स्प्रिंगा आड आल्या. बेलसाहेब पायाळू नसावेत.

एका संध्याकाळी दोन अनोळखी माणसं आली. “अमावस्येला येता का? निम्मा वाटा.” यंत्रापेक्षा त्यांना माझ्या पायांत रस होता. मी त्यांना चहासुद्धा न देता घालवलं. गुप्तधनाच्या नादात या महाराष्ट्रात माणसांचे बळी गेले आहेत, लेकरांचेही. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधाचा वेगळा उल्लेख करावा लागला, तो उगाच नाही. त्या रात्री मला राग आवरेना. आजी मला आत ओढायची ते फक्त विजेच्या भीतीनं का, हा विचारही पहिल्यांदाच आला.

कापूस वेचणारी एक बाई मात्र भर दिवसा आली. “मास्तर, तुमची मशीन माह्या जोडव्यासाठी चालते का जी?” उन्हानं तडकलेल्या भेगेत चांदीचं जोडवं गेलं होतं. एवढीशी वस्तू आणि ही बोलघेवडी माती! आवाज कमी केला, तबकडी जमिनीला घासत मुंगीच्या पावलानं पुढं सरकलो. अखेर एका भेगेवर वेगळा, टोकदार सूर आला. बाईनं विळ्याच्या टोकानं ढेकूळ उलटलं, जोडवं पदराला पुसलं, तिथंच बोटात घातलं आणि लगेच ओळीला लागली. पायाळूपणाचं कौतुक ऐकायला ती थांबली नाही.

बाकी माझी कमाई बोल्ट, खिळे आणि बैलांच्या पत्र्या. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. परवा भंगारवाल्यानं माझं पोतं तोललं आणि रक्कम दहाच्या बरीच वर गेली. यवतमाळला अर्ज साध्या कागदावर चालतो का, याची चौकशी सुरू आहे.