प्रेरणा कशी मिळवावी? उपनगरातल्या नवउद्योजकांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी?

अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात राहणाऱ्या, नोकरी असलेल्या किंवा नुकतीच गेलेल्या, आणि 'आपलं स्वतःचं काहीतरी हवं' असं रात्री जेवणानंतर एकदा तरी म्हणालेल्या प्रत्येकासाठी. हे 'काहीतरी' म्हणजे काय ते ठरलेलं नसलं तरी चालेल. नाव मात्र ठरलेलं असावं, आणि ते असतंच. स्वामी, साई, मोरया किंवा धाकट्या मुलीचं नाव, आणि त्यापुढे एंटरप्रायझेस. म्हणजे उद्या अगरबत्ती विकली काय नि एसी दुरुस्त केले काय, पाटी बदलायला नको.

उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी असं आपले वाडवडील सांगत आले आणि सांगून झाल्यावर मुलांना नोकरीला लावत आले. अंधेरीत शेती आता कुंडीतच होते. तेव्हा कनिष्ठावरून मध्यमावर चढायचं, एवढीच वाट उरते. चढताना मागून जो धक्का लागतो त्याला व्यासपीठावर प्रेरणा म्हणतात. तो धक्का कुठे मिळतो ते आता क्रमाने पाहू.

पायरी पहिली: अपमान करून घ्यावा

ही सर्वांत जुनी आणि स्वस्त पद्धत. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवत होते. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. तिथे त्यांचं सायकलींचं दुकान होतं. पुढे १९०३ साली लोखंडी नांगर केला, तर तो दोन वर्षं कोणी घेईना, कारण लोखंड लागलं की जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत. ते पुढचं सगळं रामायण आणि १९१० सालची किर्लोस्करवाडी आपण शाळेत ऐकलेली असते. बढती नाकारणारा मात्र कोणाच्या लक्षात नाही. वास्तविक महाराष्ट्राच्या उद्योगावर त्याचे मोठे उपकार आहेत.

हे मनात धरून आपापल्या साहेबाकडे बघावं. निराशा होण्याची शक्यता आहे. हल्लीचे साहेब अपमान करत नाहीत, फीडबॅक देतात. त्याने माणूस चिडत नाही, नुसता झोपेतून उठतो आणि पुन्हा झोपतो. अशा वेळी प्रवासाची जोड द्यावी. बोरिवलीकरांनी सकाळच्या चर्चगेट फास्टमध्ये चढावं आणि अंधेरीला उतरून दाखवावं. घाटकोपरकरांची सोय त्याहून चांगली. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून मेट्रोतून रेल्वेच्या फलाटावर पोहोचेपर्यंत त्या गर्दीत चिंतनाला भरपूर अवकाश मिळतो. पाय हलत नाहीत, त्यामुळे डोकं चालतं. 'आपण एखादा गाळा घेऊ या' हा विचार त्या जिन्यावर किती जणांच्या मनात आला असेल, याची मोजदाद व्हायला हवी.

पायरी दुसरी: नोकरी जाऊ द्यावी

ही पायरी आपण चढत नाही, तीच आपल्याकडे येते.

लालबहादूर शास्त्री मार्गाने कुर्ल्याहून मुलुंडकडे जाताना आज जिथे मॉल आणि टॉवर दिसतात, तिथे बऱ्याच जागी कारखान्यांचे भोंगे वाजायचे. त्या भोंग्यांवर घरातली घड्याळं लावली जायची. भोंगे थांबले आणि घरातला कर्ता माणूस सकाळी दहा वाजता घरी दिसू लागला. तिकडे गिरणगावात १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यातले पुष्कळ परत आत गेलेच नाहीत. कोणी भाजीची पाटी घेतली, कोणी रिक्षाचा बॅज काढला, कोणी वडापावची गाडी लावली. अशोक वैद्य यांनी १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर वडा पावात घातला असं सांगतात. पण तो वडा गल्लोगल्ली पोहोचवला तो हात रिकामे झालेल्या माणसांनी. या माणसांना तुमची प्रेरणा काय असं कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी पोराच्या शाळेची फी सांगितली असती.

त्यांच्याही आधीपासून एक धंदा गिरणगावात बायका चालवत होत्या: खानावळ. गावाहून एकटे आलेले कामगार महिन्याचा हिशेब लावून त्यांच्या घरी जेवत. कामगाराचा पगार अडला की खानावळवालीचा किराणा अडणार, मग ती सावकाराच्या दारात. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. बँकेकडे ठेवायला तारण नव्हतं, तर एकीने दुसरीची हमी घ्यायची अशी सोय बसवली. तारण म्हणून शेजारीण! आपल्या सोसायटीत आज असं करून बघण्याआधी शेजारणीशी संबंध तपासून घ्यावेत.

ज्यांची नोकरी जाता जात नव्हती, त्यांच्यासाठी सरकारी बँकांनी २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्ती योजना आणली. देशभरात एक लाखाच्या आसपास कर्मचाऱ्यांनी ती घेतली आणि मुलुंड-बोरिवलीत एकाएकी झेरॉक्सची दुकानं दिसू लागली. या दुकानदारांना ओळखणं सोपं. गल्ल्यात तीन रुपये कमी भरले तर ते मिळेपर्यंत शटर ओढत नाहीत.

पायरी तिसरी: शेजारणीचं ऐकावं, पण जपून

"वहिनी, तुम्ही हे विकत का नाही?" हे वाक्य दिवाळीत चकली खाताना किंवा गणपतीत मोदक खाताना उच्चारलं जातं. ते बोलणारीच्या हातात त्या वेळी फुकटची चकली असते, हे नवशिक्याच्या ध्यानात येत नाही. पुढच्या वर्षी भाव सांगितला की तीच विचारते, "एवढे? घरीच तर करता ना?"

तरीही उपनगरातले निम्मे घरगुती व्यवसाय याच वाक्यावर उभे आहेत, म्हणून इथे थोडं थांबू. उकडीचा मोदक घ्या. नवशिक्याला त्याचा मोह पडतो, कारण भांडवल म्हणजे तांदळाची पिठी, नारळ, गूळ आणि एक मोदकपात्र. पाकळ्या पाडायला आजेसासूने शिकवलेलं असतं. व्हॉट्सअॅपवर फोटो टाकला की एका तासात चाळीस अंगठे वर होतात. आता चतुर्थीची सकाळ डोळ्यांपुढे आणावी. नैवेद्य दुपारच्या आत दाखवायचा, म्हणून सगळ्यांना मोदक हवेत अकराला. दहाला नकोत, थंड होतात. बाराला नकोत, भटजी पुढच्या घरी जातात. सारण आदल्या रात्री करून ठेवता येतं, उकड नाही. ती ताजीच काढावी लागते आणि गरम असतानाच मळावी लागते. एका घरचे एकवीस, म्हणजे दहा घरांचे दोनशे दहा. मोदकपात्रात एका घाण्याला अकरा बसतात असं धरलं, तर वीस घाणे. एका घाण्याला दहा मिनिटं, म्हणजे तीन तास वीस मिनिटं नुसती वाफ. वळणं वेगळं, डबे भरणं वेगळं, आणि नेमकी त्याच वेळी लिफ्ट बंद असणं वेगळं. फोटोला आलेले चाळीस अंगठे म्हणजे आठशे चाळीस मोदक. इथे कसब लागतं ते अकराव्या घराला नाही म्हणण्याचं. ते आजेसासूने शिकवलेलं नसतं, आणि नाही म्हटलेलं अकरावं घर बहुधा नणंदेचं निघतं.

बरं, चतुर्थी झाली. पुढे? संकष्ट्या वर्षाला बारा, अधिक महिना आला तर तेरा, त्यात एखादी अंगारकी. एरवी मोदकपात्र माळ्यावर. ज्यांचा व्यवसाय टिकला त्यांनी बहुतेक मोदकावरून पोळीवर उडी मारलेली दिसते. पोळी-भाजी केंद्र ही उपनगराने स्वतःच्या गरजेतून घडवलेली गोष्ट. फास्ट लोकलमधून उतरलेली बाई साडेआठला कणीक मळायला घेणार नाही, हे ज्या बाईने ओळखलं तिचं दुकान चाललं. स्टेशनबाहेर निवडलेली मेथी, सोललेला लसूण आणि चिरलेली फरसबी पिशव्यांत भरून बसणाऱ्या बायकांनीही हेच ओळखलं होतं. लेडीज डब्यात बायका भाजी निवडत घरी जातात हे अनेकांनी पाहिलं आणि त्यावर कौतुकाने लिहिलं. पाटीवालीने ते पाहून धंदा काढला. मला विचाराल तर बाजारपेठेचं सर्वेक्षण म्हणतात ते हेच.

पायरी चौथी: कागद

१ जुलै २०२० पासून उद्यम नोंदणी ऑनलाइन होते. आधार क्रमांक लागतो, पैसे लागत नाहीत. तरीही ती करून देण्याचे पैसे घेणारा एक इसम तुम्हाला भेटेल. त्याला मिळालेल्या प्रेरणेचा आदर करावा, पैसे देऊ नयेत. खाद्यपदार्थ स्वतःच्या स्वयंपाकघरातून विकले तरी अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. कर्जासाठी २०१५ पासून मुद्रा योजना आहे. तीत पन्नास हजारांपर्यंत कर्ज घेणाऱ्याला शिशू म्हणतात. वय अठ्ठावन्न असलं तरी शिशूच. १ एप्रिल २०२५ पासून दहा कोटींपर्यंत उलाढाल आणि अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक असलेला उद्योगही सरकारदप्तरी 'सूक्ष्म' आहे. तेव्हा आपल्या चकल्या कुठल्या भिंगातून पाहिल्या जातील याची फार चिंता करू नये.

पायरी पाचवी: आता प्रेरणा मिळवावी

हो, आत्ता. आधी तिची गरज नव्हती.

व्यवसाय तीन-चार वर्षं टिकला की ज्ञातीची संस्था, रोटरी किंवा मुलाची शाळा सत्काराला बोलावते. शाल, नारळ आणि एक प्रश्न: "यामागची प्रेरणा?" अशा वेळी 'घराचा हप्ता' असं उत्तर देऊ नये, सभागृह नाराज होतं. एक पावसाळी रात्र, आजीचे शब्द आणि एक अनोळखी सज्जन असं घालून गोष्ट बेतावी. २६ जुलै २००५ उपयोगी पडते. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, त्यामुळे त्या रात्री कोणाला काय सुचलं नसेल असं श्रोत्यांना म्हणता येत नाही. तरुणांनी टाळेबंदीतला केक वापरावा.

खऱ्या गोष्टी यापेक्षा कोरड्या असतात, आणि मला त्या जास्त आवडतात. १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती बायका ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसल्या. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. त्यातून लिज्जत उभं राहिलं. त्यांना पापडाविषयी लहानपणापासून तळमळ होती असा पुरावा नाही. दुपारी वेळ मोकळा होता, लाटता येत होतं आणि घरात चार पैसे हवे होते. अंधेरीच्या अगदी जवळचं उदाहरण जुहूचं. १९८४ मध्ये रघुनंदन कामत यांनी तिथे फळांचं आइस्क्रीम विकायला सुरुवात केली, तेच पुढचं नॅचरल्स. वडील फळविके, त्यामुळे पिकलेलं फळ कोणतं हे त्यांना कळत होतं. पण नुसत्या आइस्क्रीमसाठी माणसं येतील याची खात्री नव्हती, म्हणून जोडीला पावभाजी ठेवली. तिखट खाल्लेला माणूस थंड मागतोच. आइस्क्रीमच्या स्वप्नाचा खर्च सुरुवातीला पावभाजीने उचलला, हे सत्काराच्या भाषणात नक्की सांगावं. टाळ्या कमी पडतील, पण मागच्या रांगेत बसलेली एखादी बाई ते वहीत उतरवून घेईल.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रेरणा वाटेत संपली तर? संपतेच, साधारण पहिल्या पावसाळ्यात. त्या वेळी दुकान बंद करून व्याख्यानाला जाण्यापेक्षा उधारीची वही काढावी आणि फोन करत सुटावं.

नोकरी आधी सोडावी की नंतर? घरभाडं किंवा हप्ता सहा महिने बाजूला पडेपर्यंत सोडू नये. मोदक रविवारीही विकले जातात.

ओळखीच्यांकडून आगाऊ पैसे मागावेत का? मागावेत. निम्मे, ऑर्डर घेतानाच. सोसायटीच्या सेक्रेटरीकडूनही, आणि नणंदेकडून तर पूर्ण.