गाणं कुणाचं, नाव कुणाचं

अहो वहिनी, जरा भिंतीपाशी या. हळू बोलते हं, खंडव्याची बाकीची पाहुणेमंडळी अजून घरातच आहे. ऐकलंत का काल हळदीकुंकवात काय झालं ते?

विहीणबाई आल्या होत्या, कुणाच्या ते तुम्हाला ठाऊकच आहे. हातात दराब्याची वाटी, आणि विषय काढला किशोरकुमारचा. खंडव्याची माणसं, दुसरं काय काढणार! दरवर्षी १३ ऑक्टोबरला त्याच्या समाधीवर दूध-जलेबी ठेवतात, ते सगळं साग्रसंगीत सांगून झालं. (जलेबी खावी तर आपल्या बुऱ्हाणपूरची, माव्याची. पण असो.) मग म्हणे, हिंदुस्थानात रॉक अँड रोल आणला तो आमच्या किशोरनं, ‘इना मीना डिका’ म्हणून! २००३पर्यंत आपण एकाच जिल्ह्यात होतो हो, पण ‘आमच्या’ म्हणताना बाईंनी मान अशी काही उडवली की...

मी गप्प बसते होय? म्हटलं, गायलं त्यानं, कबूल. पण चाल कुणाची? १९५७चा ‘आशा’, संगीत सी. रामचंद्र. म्हणजे चितळकर अण्णा, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे! तुम्ही तो चेहरा बघायला हवा होतात. दराब्याचा चमचा तोंडापाशी जो थांबला तो थांबलाच.

तेवढ्यात कोपऱ्यातून आपली ती शाळेतली बाई म्हणते कशी, मग अण्णांचं तरी सगळं कुठे? खोलीबाहेर पोरं खेळताना इनी-मिनी करत होती, त्यावरून मुखडा सुचला म्हणतात. आणि पुढे कोकणी शब्द घुसडले ते जॉन गोम्सनं, अण्णांच्या हाताखालचा गोव्याचा वादक. आता हे नाव कुणाला विचारून बघा! त्या काळी मुंबईच्या स्टुडिओत नोटेशन लिहायचं, ब्रास बसवायचं, सगळं या गोवेकरांनी करायचं, आणि पडद्यावर नाव आलं तर आलं. आल्डोन्याचा तो चिक चॉकलेट, खरं नाव आंतोनियो शाव्हियेर वाझ, त्याचं नशीब जरा बरं. १९५१च्या ‘अलबेला’त तो आणि त्याचा बँड निदान दिसतो तरी. बाकीचे भगवानदादांच्या नाचामागे गेले ते गेलेच...

तर काय सांगत होते? हां, विहीणबाई. एवढ्यावर ऐकतात होय! म्हणाल्या, आणि ते योडलिंग? ते तर किशोरचंच ना? त्यावर आमचा भाचा मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाला, काकू, तेही जिमी रॉजर्सच्या तबकड्या ऐकून उचललं म्हणतात. मिसिसिपीचा, रेल्वेत ब्रेकमन होता तो. घ्या! म्हणजे त्याचीही रेल्वे आणि खंडव्याचीही रेल्वे.

मग भाच्याला काय, विषयच सापडला. मेम्फिसला म्हणे सॅम फिलिप्स नावाचा गृहस्थ होता, सन रेकॉर्ड्स त्याची, कंपनी कसली, खोलीएवढा स्टुडिओ. एल्विस त्याचाच, पण १९५५मध्ये करार विकून टाकला, ३५ हजार डॉलरला! (आपण असतो तर विकला असता का हो?) पण खरी मजा पुढेच. त्याच्याकडे बिली ली रायली नावाचा पोरगा होता. त्याच्या रेकॉर्डवर पियानो कोण वाजवायचं? जेरी ली लुइस. आणि त्याच १९५७मध्ये रायलीचं ‘रेड हॉट’ आता चढणार, आता चढणार, असं चाललेलं असताना सॅमसाहेबांनी सगळं बळ लावलं ते जेरीच्या ‘ग्रेट बॉल्स ऑफ फायर’मागे! आपल्याच रेकॉर्डवर पियानो बडवणारा पुढे गेला. काय वाटलं असेल सांगा! रायली पिऊन आला आणि स्टुडिओत आदळआपट सुरू केली. सॅमनं त्याला चुचकारलं, तूही मोठा स्टार होशील म्हणून. झाला कसला! २००९मध्ये वारला. पुढे २०१५मध्ये बॉब डिलननं भर समारंभात त्याची आठवण काढली तेव्हा कुठे लोक विचारायला लागले, हा कोण?

मला तर तो जॉन गोम्सच डोळ्यांपुढे आला. त्याच्यासाठी कुणी भाषणही केलं नाही. बाया मात्र हळहळल्या हो, अगदी विहीणबाईसुद्धा. मला वाटलं, चला, मिटलं. पण जाता जाता उंबऱ्यात उभ्या राहून म्हणतात, काही म्हणा, लोकांच्या तोंडी आवाज आमच्या किशोरचाच!

म्हटलं, जपून जा विहीणबाई, आणि घरी गेल्यावर ‘आशा’ पुन्हा बघा. ते गाणं सिनेमात दोनदा आहे. दुसऱ्यांदा गायल्यात आमच्या सांगलीच्या आशाताई.

कुंकू न लावताच गेल्या हो!