गोकाकचा गेंडा विकाऊ नाही

जुलै 2024. न्यूयॉर्कच्या सदबीज लिलावघरात स्टेगोसॉरस या डायनोसॉरचा एक सांगाडा 4 कोटी 46 लाख डॉलरला गेला. त्याआधी कुठल्याच जीवाश्माला लिलावात एवढी किंमत आली नव्हती. घेणारे केन ग्रिफिन, अमेरिकेतले अब्जाधीश. 1997 मध्ये 'सू' नावाचा टी. रेक्स 83 लाख 60 हजार डॉलरला विकला गेला, तेव्हा तो घ्यायला शिकागोच्या फील्ड म्युझियमला मॅकडोनाल्ड्स आणि डिस्नेचा हात धरावा लागला होता. सत्तावीस वर्षांत भाव पाचपटीवर गेला. आता अशी बोली लावायची ऐपत कुठल्या विद्यापीठाची आहे?

परिणाम डोळ्यांसमोर आहे. टी. रेक्सचे अभ्यासक थॉमस कार यांनी 2025 मध्ये गणती प्रसिद्ध केली. अभ्यासाच्या उपयोगाचे नमुने सार्वजनिक संस्थांत 61, खासगी मालक आणि व्यापाऱ्यांकडे 71. जगातला सर्वांत प्रसिद्ध डायनोसॉर निम्म्याहून अधिक कुलपात गेला!

आमचं बेळगावचं शहापूर हे व्यापाराचं गाव. साडी आणि सोनं विकून इथल्या पिढ्या उभ्या राहिल्या. विकण्याला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. पण साडी विकली की विणकर दुसरी विणतो. जीवाश्म दुसरा विणता येत नाही. माझा सगळा विरोध एवढ्या एका गोष्टीवर उभा आहे.

आणि ही गोष्ट अमेरिकेतली म्हणून सोडून देऊ नका. ती आपल्या दारातली आहे. रॉबर्ट ब्रूस फूट हे भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे अधिकारी या दक्षिण मराठा मुलखात हिंडले. गोकाकजवळ त्यांना एका नामशेष गेंड्याचे अवशेष मिळाले. 1874 मध्ये त्यांनी त्याचं सविस्तर वर्णन छापलं आणि नाव दिलं ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस, दख्खनचा गेंडा. घटप्रभेच्या खोऱ्यात आज ऊस उभा आहे, तिथे एकेकाळी गेंडे चरत होते, हे आपल्याला त्या हाडांनी सांगितलं. ती हाडं एखाद्या संस्थानिकाच्या दिवाणखान्यात गेली असती, तर गोकाकची ओळख धबधबा आणि करदंट एवढ्यावरच थांबली असती.

दुसरं उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याचं. तिथल्या शेतांत डायनोसॉरची हाडं मिळतात आणि दगड झालेली विष्ठाही मिळते. दिवाणखान्यात मांडायला ही विष्ठा कुणी कोटी रुपये देणार नाही. पण वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यात गवताचे सूक्ष्म सिलिका-कण शोधले. 2005 मध्ये 'सायन्स'मध्ये तो शोध छापून आला. डायनोसॉरच्या काळात गवत होतं आणि ते पोटातही जात होतं, हे त्यातून सिद्ध झालं. तोवर गवताचा पसारा डायनोसॉर संपल्यानंतरचा मानला जात होता. पाठ्यपुस्तकातली समजूत विदर्भातल्या एका खेड्याने दुरुस्त केली. हे जमलं, कारण तो दगड कुठल्या गावच्या कुठल्या थरातला हे माहीत होतं आणि तो फोडून तपासायची मुभा होती. लाखो रुपये मोजून घेतलेला नमुना कुठला मालक फोडू देईल?

ठिकाण हरवलं की काय होतं, हेही आपल्या देशाने पाहिलं आहे. पंजाब विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी अनेक वर्षं हिमालयातले म्हणून जीवाश्मांवर शोधनिबंध लिहिले. 1989 मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिलं, की त्यांतले काही मोरोक्कोतल्या नमुन्यांशी तंतोतंत जुळतात, आणि मोरोक्कोचे तसे जीवाश्म पॅरिसच्या दुकानांत सर्रास विकायला असतात. हिमालयाच्या भूशास्त्राला त्याची किंमत मोजावी लागली. दुकानातला दगड गाव सांगत नाही. विकणारा सांगेल तेच त्याचं गाव.

विक्रीच्या बाजूचे दोन मुद्दे खरे आहेत, ते मान्य करतो. उघड्यावर पडलेलं हाड ऊन-पावसात भुगा होतं, आणि पैशांच्या आशेने खणणारे नसते तर पुष्कळ नमुने कधी दिसलेच नसते. इंग्लंडच्या लाइम रेजिसची मेरी ॲनिंग जीवाश्म विकूनच पोट भरत होती, आणि तिच्या हातून विज्ञानाचं मोठं काम झालं. ग्रिफिन यांनीही आपला स्टेगोसॉरस न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयाला उसना दिला आहे. पण उसनं दिलेलं मालक परत मागू शकतो. आज काढलेला निष्कर्ष उद्या दुसऱ्याला पडताळता आला नाही, तर ते विज्ञान राहत नाही. पृष्ठवंशी जीवाश्मांच्या अभ्यासकांची जागतिक संघटना खासगी विक्रीला विरोध करते ती याच कारणाने.

आपल्या काळ्या दगडाच्या खाणींना संग्राहकांचा बाजार नवा नाही. वाघोलीचा निळा कॅव्हान्साइट आणि जळगाव-नाशिककडचे झिओलाइटचे स्फटिक जगभर पोचले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयाची कीर्ती अशाच स्फटिकांवर उभी आहे. तो व्यापार मला खुपत नाही, कारण तसा स्फटिक पुन्हा मिळतो. पण स्फटिकाच्या वाटेने उद्या हाड निघालं तर अडवणार कोण? या काळ्या दगडातल्या लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात जुने जीव सापडतात. आपल्या जिल्ह्यातल्या उप्परहट्टीच्या थरांचा अभ्यासही झालेला आहे. त्याच दख्खनच्या दगडावर खडीचे क्रशर रात्रंदिवस चालू आहेत.

आणि कायदा? 1972 चा पुरावशेष कायदा मूर्ती, नाणी, हस्तलिखितं यांच्यासाठी. जीवाश्म त्यात स्पष्टपणे येत नाहीत. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राच्या खाण मंत्रालयाने भूवारसा विधेयकाचा मसुदा काढला. सगळे अधिकार एकट्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या हाती नकोत, विद्यापीठं आणि संशोधन संस्थाही हव्यात, असा आक्षेप शास्त्रज्ञांनी घेतला. आक्षेप रास्त होता. तो ऐकून मसुदा सुधारायचा आणि संसदेत न्यायचा, एवढंच काम होतं. ते व्हायलाच हवं.

मात्र नुसत्या शिक्षेचा कायदा आला, तर खाणमजूर हाड दिसताच ते क्रशरमध्ये लोटेल. पोलीस, पंचनामा, काम बंद, हे कुणाला हवंय? डेन्मार्कने 1990 पासून वेगळी वाट धरली. तिथे असामान्य जीवाश्म राष्ट्राच्या मालकीचा, आणि आणून देणाऱ्याला सरकारकडून बक्षीस. प्रामाणिक माणसाला पैसा मिळाला की व्यापाऱ्याकडे जायचं कारणच उरत नाही. आपल्या कायद्यात हेच कलम सर्वांत आधी हवं: शोधणाऱ्याला रोख बक्षीस, फलकावर त्याचं नाव, आणि काम थांबलं त्या दिवसांची भरपाई.

आपल्या घरांना ही नीती शिकवावी लागणार नाही. आपल्या देवघरातले गंडकीचे पुष्कळ शाळिग्राम म्हणजे अमोनाइट या समुद्री जीवाचे जीवाश्मच. त्यांची खरेदी-विक्री करू नये, असं पुराणं सांगतात. आजी-आजोबांनी ते पाळलं. ज्याचा मालक कुणी एक नाही ते विकायचं नाही, ही समज आपली जुनी आहे. आज तेच शाळिग्राम मोबाइलवर किंमत लावून विकले जातात, याचं वाईट वाटतं.

हा प्रश्न मराठी-कानडीचाही नाही. दगड शहापूरच्या माणसाला मिळो की गोकाकच्या, तो दोघांच्या मुलांचा आहे. म्हणून मागणी दोन्ही भाषांतून व्हावी: गोकाकच्या गेंड्याची प्रतिकृती आणि त्याची माहिती बेळगावच्या मुलांना बेळगावातच पाहायला मिळाली पाहिजे.

वाचकहो, विहीर खणताना, पाया काढताना, खाणीत किंवा ओढ्याच्या काठावर हाड, शिंपला किंवा पानाचा ठसा असलेला दगड दिसला तर तो उचलू नका. फोटो काढा, जागा लिहून ठेवा, किती खोलीवर होता ते लिहा. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला किंवा भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याला कळवा. आणि कुणी भाव विचारायला आलाच, तर त्याला परत पाठवा.