परिसराशी सुसंवाद

उपनगरातला समकालीन बंगला परिसराशी संवाद साधतो, असे आराखड्याच्या पहिल्याच पानावर लिहिलेले असते. पुण्याच्या पश्चिम उपनगरांत तो संवाद बहुधा असा चालतो. मोसमी पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून नेमकी त्याच बाजूला छज्जा नसलेली काचेची भिंत. एप्रिलच्या उन्हात तीच काच तापते, म्हणून आतून जाड पडदे आणि दोन टनांचा एसी. रीतसर परवानगीने तोडलेल्या आंब्याच्या जागी पार्किंग, पार्किंगच्या कोपऱ्यात कुंडीतला बोन्साय. आजीला टेकायला ओटा नाही. ‘डेक’ आहे, पण तिथे पापड वाळत घालायला मनाई. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काचेवर निळी ताडपत्री बांधली जाते. हवामानाचा विचार करून केलेले घरातले एवढेच बांधकाम, आणि त्याला वास्तुविशारदाची फी लागत नाही.