सातव्या महिन्यातलं 18वं शतक

कोथरूडला हल्ली साधं डोहाळजेवण परवडत नाही. पैशाने परवडतं; अभिरुचीला परवडत नाही. फुलांचे दागिने, धनुष्यबाण, चंद्रकोरीत बसून फोटो हे सगळं डहाणूकर कॉलनीने केव्हाच वापरून विटवलं. म्हणून आमच्या वरच्या मजल्यावरची सूनबाई सातव्या महिन्यात 18व्या शतकातलं इंग्रजी गरोदरपणाचं जाकीट शिवायला बसली आहे, तेही व्हिडिओ करत. दोन कापडांमध्ये लोकरीचा थर, वरून बारीक धावदोरा, कडेला नाड्या. पोट वाढेल तशा सैल करायच्या. कल्पना झकास. फक्त ती लंडनच्या गारठ्यासाठी होती आणि इथे एप्रिल चालू आहे.

सासूबाईंनी टाके निरखले आणि विचारलं, "अगं, बाळाची गोधडी ना ही? मग काखा कशाला कापल्यास?"

आपल्याकडच्या सव्वाआठ मीटरच्या नऊवारीला मात्र नऊ महिन्यांत एकही टाका उसवावा लागत नसे. निऱ्या जरा सैल खोचल्या की झालं. चोळीची गाठही पुढेच. पण त्यात शिवण्यासारखं काहीच नाही, मग व्हिडिओ कसला करणार?

जाकीट पुरं व्हायला अजून तीन महिने लागतील म्हणे. बारशाला घालता येईल, नाड्या आवळून.