पीपविना नेम: हैदराबादकर नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

शिकारीचं धनुष्य घेतलंत, अभिनंदन! आता पहिली पायरी: शिकारीला जायचं नाही. 1972 सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती वाट बंद केली आहे. शिवाय हैदराबादच्या आसपास नेम धरावासा वाटेल असं जे काही चरतं किंवा उडतं, ते सरकारदरबारी मानाच्या जागी बसलेलं आहे. चितळ हा तेलंगणाचा राज्यप्राणी. नीलपंख, म्हणजे इथला पालपिट्टा, हा राज्यपक्षी. दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ मानतात, त्यामुळे त्याच्याकडे बाण रोखून उभे राहिलात तर कायद्याआधी शेजारी येतील. वनस्थलीपुरमच्या हरिण वनस्थलीत काळविटं आहेत. ती वनस्थली पूर्वी निजामाची शिकारीची जागा होती, आता राष्ट्रीय उद्यान आहे. सहावे निजाम महबूब अली खान वाघांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होते हे खरं, पण त्यांच्या हातात बंदूक असे आणि राज्यही त्यांचंच होतं. जोधपूरजवळ 1998 साली मारल्या गेलेल्या काळविटांच्या खटल्यात शिक्षा सुनावली गेली ती 2018 साली. एवढी वर्षं वकील पोसायची ऐपत असेल तर ही मार्गदर्शिका तुमच्यासाठी नाही.

उरतं फोमचं हरीण. ते पळत नाही, राज्यप्राणी नाही आणि बाण लागला तर तक्रार करत नाही. थ्रीडी तिरंदाजीच्या स्पर्धांमध्ये जगभर असलेच प्राणी मांडतात, आणि बेअरबोच्या, म्हणजे साइट नसलेल्या उघड्या धनुष्याच्या गटात तिथे पीप चालत नाही. म्हणजे आपला विषय आला.

पीप साइट म्हणजे दोरीत अडकवलेली बारीक कडी. दोरी ओढली की ती डोळ्यासमोर येते. तिच्यातून धनुष्यावरची पिन आणि पिनेपलीकडचं हरीण पाहायचं. सोय उत्तम, पण नखरे फार. संध्याकाळी त्या भोकातून अंधार दिसतो, पावसाचा एक थेंब अडकला की तेवढंही दिसत नाही, आणि दोरीला पीळ पडला तर कडी आडवी होऊन तुमच्याकडे पाठ फिरवते. म्हणून बरेच लोक ती काढून टाकतात. काढल्यावर त्यांना कळतं, की नेमाचा मागचा अर्धा भाग त्या कडीत होता. तो आता कुठून आणायचा? तर तो तुमच्या तोंडातून आणायचा.

थट्टा नाही. दोरी ओढणारा हात दर वेळी चेहऱ्यावरच्या एकाच जागी टेकला पाहिजे. त्या जागेला तिरंदाज अँकर पॉइंट म्हणतात. कोणी तर्जनी ओठांच्या कोपऱ्याला टेकवतो, कोणी हात हनुवटीखाली नेतो आणि दोरी नाकाच्या शेंड्याला लावतो. कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य वापरणारे कधी दोरीवर किसर बटन नावाची चकती बसवतात, ती दर वेळी ओठांच्या त्याच जागी लागली की काम झालं. फक्त आखूड कंपाउंडची दोरी ओढल्यावर इतका तीव्र कोन करते, की ती नाकापर्यंत पोचतच नाही. मग लोक मान पुढे काढून नाक दोरीकडे नेतात. तसं करू नका. दोरीने चेहऱ्याकडे यायचं असतं.

मिलिमीटरचा हिशोब दहावीच्या भूमितीतला आहे. ओढलेल्या हातापासून धनुष्यापर्यंत 70 सेंटिमीटर धरा आणि हरीण 20 मीटरवर. समरूप त्रिकोण सांगतात, की मागचा हात 1 मिलिमीटर हलला तर बाण हरणापाशी जवळजवळ 3 सेंटिमीटर सरकतो. आता गालात पान ठेवा. गाल 5 मिलिमीटर फुगला, हात तेवढाच सरकला, बाण 14 सेंटिमीटर बाजूला. हरणाचं काळीज राहिलं बाजूला, बाण मागच्या जाळीत.

इथे हैदराबादकराची खरी परीक्षा. या शहरात तोंड रिकामं कधी असतं? सकाळी इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किट, दुपारी बिर्याणी, नंतर पान, आणि या सगळ्याच्या मधल्या फटींत गप्पा. जबडा जरा उघडला की ओठांचा कोपरा खाली जातो. दात आवळले तर वर येतो. हसलात तर तो थेट कानाकडे निघतो. म्हणून नियम असा: दाढा हलक्या टेकलेल्या, ओठ मिटलेले, जीभ स्वस्थ. कोणी काही विचारलं तरी ‘हौ’ नाही आणि ‘नक्को’ही नाही, मानेनेही नाही, कारण मान हलली की सगळंच हलतं. काचीगुडा, सुलतान बाजार भागातल्या मराठी घरांत आत्या आणि मावश्या तोंड मिटून बसण्याचा हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या फुकट देत आल्या आहेत. प्रशिक्षक त्याचीच फी घेतात. मिशी ठेवायची असेल तर कायम ठेवा किंवा कायम काढा. स्पर्धेच्या आदल्या दिवशी न्हाव्याकडे जाऊ नका.

‘पण मोठे खेळाडू तर पीप वापरतात!’ असं कोणी म्हणेलच. वापरतात, कंपाउंडमध्ये. सातारची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे 2023 साली बर्लिनला एकाच दिवशी जगज्जेते झाले, तेव्हा दोघांच्याही हाती कंपाउंड होतं. ऑलिंपिकच्या रीकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्याला मात्र पीप लावायची परवानगीच नाही. फलटण तालुक्यातल्या सरड्याचा प्रवीण जाधव टोकियोत 70 मीटरवर नेम धरत होता तो पीपशिवाय. अशा वेळी डोळ्यासमोरची दोरी एक धूसर उभी रेघ दिसते. ती धनुष्याच्या दांड्याच्या एका ठरावीक कडेला लावून ठेवायची, दर वेळी त्याच कडेला. कमावलेले लोक हे इतक्या सवयीने करतात, की विचारलं तर सांगायला त्यांना दोन घटका लागतात. नवशिक्याने आधी रेघ पाहावी, मग कड, मग लक्ष्य, आणि तोवर हात थरथरायला लागले तर धनुष्य सावकाश खाली घ्यावं. शिकारीच्या धनुष्याचा जोर बहुधा 50-60 पौंडांचा असतो. सुरुवातीला 20-25 पौंडांचं भाड्याने घ्या. नेम शिकायचा आहे, खांदा निखळवायचा नाही.

दुसरी पायरी खरं तर याआधी यायला हवी होती: आपला कोणता डोळा मालक आहे ते पाहणं. दोन्ही हात पुढे ताणा, तळव्यांमध्ये एक लहान फट ठेवा, दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्यातून चारमिनारचा एक मिनार पाहा. एकच, चार नाही. आता हात हळूहळू चेहऱ्याकडे आणा. फट ज्या डोळ्यापाशी येईल तो तुमचा मालक डोळा. लाड बाजारच्या गर्दीत हा प्रयोग केलात तर बांगड्यांचे दुकानदार तुम्हाला फोटो काढणारे समजतील. समजू द्या. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा डावा डोळा मालक निघाला, तर बाण डावीकडे जाण्याचं कारण सापडलं. एकतर हात बदला किंवा तो डोळा मिटा.

अंगठ्याबद्दल एक शब्द, कारण कोणीतरी एकलव्याचं नाव काढणारच. आजच्या प्रचलित पद्धतीत दोरी तर्जनी, मध्यमा आणि अनामिका ओढतात. अंगठा तळव्यात मुडपून स्वस्थ बसतो. द्रोणाचार्य आज असते तर त्यांना दुसरं बोट मागावं लागलं असतं. मध्य आशियातून आलेल्या आणि मोगलांनी चालवलेल्या पद्धतीत मात्र दोरी अंगठ्यानेच ओढायची आणि तो कापला जाऊ नये म्हणून जाड अंगठी घालायची. सालारजंग संग्रहालयात जेडच्या वस्तूंच्या दालनात शहाजहानच्या नावाची अशी अंगठी आहे. पाहून या. सरावावरून धनुष्य घेऊन परस्पर आत जाऊ नका, एवढंच.

आता बाणाचं टोक. मागची कडी नाही आणि पुढची पिनही काढलीत, तर टोकच तुमची पिन. डोळा बाणाच्या वर असतो, त्यामुळे नजर आणि बाणाचा मार्ग एकाच रेषेत नसतात. एका ठरावीक अंतरावर टोक थेट लक्ष्यावर ठेवलं की बाण तिथेच लागतो. त्याहून जवळ टोक खाली धरायचं, दूर असेल तर वर. जवळच्या हरणाला मारायचं तर टोक त्याच्या पायाशी, कधी त्याच्याही पुढच्या मातीत. नवशिक्याच्या मनाला हे पटत नाही, म्हणून त्याचा पहिला बाण हरणाच्या डोक्यावरून जातो. दुसरी युक्ती बेअरबोवाल्यांची: टोक लक्ष्यावरच ठेवायचं आणि अंतरानुसार बोटं दोरीवर खाली सरकवायची.

दोन्हींसाठी अंतराचा अंदाज हवा. 60 मीटर प्रति सेकंदाने सुटलेला बाण 20 मीटर जायला एक तृतीयांश सेकंद घेतो आणि तेवढ्यात अर्ध्या मीटरहून अधिक पडतो. 20 ला 25 समजलात तर गेला. आता हैदराबादेत अंतर विचारून पाहा. ‘इधरीच है भाई’ म्हणजे पुढची गल्ली असू शकते किंवा सिकंदराबाद. तेव्हा अंतर विचारू नका, पावलांनी मोजा, आणि आपलं पाऊल किती सेंटिमीटरचं ते आधी टेपने मोजा.

जागा: गच्ची नाही. पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या मिरच्या, आणि संक्रांतीला पतंग उडवणारी सगळी गल्ली तिथे असते. मागे जाळी आणि मातीचा बांध असलेलं मैदान शोधा. घरी पाहुण्यांना धनुष्य दाखवाल तेव्हा बाण न लावता दोरी ओढून सोडू देऊ नका. बाणात जायची सगळी ताकद धनुष्यातच परतते आणि त्याच्या पात्या फुटू शकतात. पाहुण्याला राग आला तरी चालेल.

शेवटी बाण उपटणं. एका तळव्याने टार्गेट दाबा, दुसऱ्या हाताने बाण सरळ मागे ओढा, आणि त्याआधी मागे कोणी उभं नाही ना ते पाहा, कारण अचानक सुटलेल्या बाणाचं मागचं टोक डोळ्यात जाऊ शकतं. गुण मोजत असाल तर बाण रेघेला टेकला असता वरचा गुण मिळतो. टेकला की नाही यावर वाद होईल, आणि आता तोंड उघडायला हरकत नाही. पण गुण लिहिले जाईपर्यंत त्या बाणाला हात लावू नका, आणि समोरच्यालाही लावू देऊ नका.