कंडक्टरचं उद्घाटन करता येत नाही

चिखलीच्या मध्यवस्तीच्या सुशोभीकरणासाठी आम्ही एक प्रस्ताव तयार ठेवला आहे. निधी आला की लगेच सादर करता यावा, म्हणून रकमेची जागा तेवढी कोरी सोडली आहे.

गावात जालना, खामगाव, बुलढाणा आणि मेहकर अशा चार बाजूंनी रस्ते येतात, त्या अर्थी स्वागत कमानी चार. मेहकरकडून येणाऱ्याला चिखली आली हे कंडक्टर ओरडून सांगतोच; पण कंडक्टरचं उद्घाटन करता येत नाही. चौकात कारंजं. ते उद्घाटनाच्या दिवशी उडेल आणि पुढे डासांच्या उपयोगी पडेल. कारंज्यासमोर इंग्रजी अक्षरांत ‘आय लव्ह चिखली’. सगळी अक्षरं फोटोत मावावीत म्हणून फोटो काढणारा मागे सरकत सरकत रस्त्याच्या मधोमध जाईल आणि ट्रकवाला हॉर्न देईल. गावावर प्रेम करायचं तर एवढी जोखीम आलीच. उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक. या ब्लॉकचा मोठा गुण म्हणजे ते उखडता येतात. आज बसवले, उद्या पाइपलाइनसाठी काढले, परवा परत बसवले. एका कामात तीन बिलं काढून देणारं दुसरं बांधकाम साहित्य अजून आमच्या पाहण्यात नाही.

हा प्रस्ताव नगररचना खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांना दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, “भाऊ, सगळं झकास आहे. पण यात माणसं चालणार कुठून?”

निवृत्त माणसांना अशा शंका फार. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बाजारपेठेतल्या पादचारी मार्गाला अडीच मीटर मोकळी रुंदी लागते, असं ते सांगू लागले. मोकळी म्हणजे विजेचा खांब, वाढदिवसाचा फ्लेक्स, दुकानाची पायरी आणि पायरीपुढे साडी नेसून उभी असलेली ती बाहुली, हे सगळं वगळून. आम्ही मनातल्या मनात बाजार मोजून पाहिला. अडीच मीटर काढायचे तर दुकानांच्या शेड काढाव्या लागतात. शेड काढून कोणी निवडून येत नाही, कमान बांधून येतो.

मग काकांनी १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमच पुढे ठेवला. “शहर सुधारायची सगळी हत्यारं यात आहेत. वापरा.”

आम्ही आरक्षणापासून सुरुवात केली. विकास आराखड्यात बगीच्यासाठी राखलेली जागा हिरव्या रंगाने दाखवतात. नकाशात ती पहिल्या दिवसापासून हिरवीगार असते, टँकरही लागत नाही. पण आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो आणि पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण उठतं. नोटीस येते तेव्हा मोबदल्याला पैसे नसतात, कारण ते कमानीला लागलेले असतात. एकही रोप न लावता बाग वाळते ती अशी. वाहनतळ, मैदान, भाजी मंडई यांचीही हीच गत. मंडईच्या जागेवर कॉम्प्लेक्स होतं, भाजीवाली त्याच कॉम्प्लेक्ससमोर रस्त्यावर बसते आणि त्यानंतर अतिक्रमण तिचं ठरतं! २०१४ चा पथविक्रेता कायदा म्हणतो, आधी सर्वेक्षण, मग प्रमाणपत्र, तोवर कोणाला उठवायचं नाही. जेसीबीला वाचता येत नाही, त्याला कोण काय करणार?

कोणत्या इमारतीला किती पार्किंग, याचं कोष्टक २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत आहे. नकाशा मंजूर होईपर्यंत तळघरात गाड्या उभ्या असतात. भोगवटा प्रमाणपत्र मिळालं की तिथे गोदाम भरतं किंवा क्लास सुरू होतो, आणि गाड्या आमच्या ‘आय लव्ह’च्या पुढ्यात येतात.

काकांनी शेवटी पॅट्रिक गेडिस काढले. हे स्कॉटिश गृहस्थ पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्याआधी होळकरांच्या इंदुरात ते नगररचनेचं काम करत होते. त्यांचा अहवाल १९१८ चा. शहरात प्लेग. गेडिसांनी जाहीर केलं की दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही, ज्या भागात लोक जास्तीत जास्त झाडलोट आणि डागडुजी करतील तिथून जाईल. अख्खं गाव खराटे घेऊन बाहेर पडलं. आपल्याकडे ही युक्ती सुधारून घेतली आहे. आधी मंत्र्यांचा मार्ग ठरतो, मग तेवढाच झाडतात, आणि ताफा गेल्यावर चुन्याच्या पट्ट्या पुरावा म्हणून ठेवतात.

एवढं ऐकून आपल्या गावाचा नकाशा पाहावासा वाटला आणि मोबाइलवर ‘चिखली विकास आराखडा’ शोधायला गेलात, तर सांभाळून. पिंपरी-चिंचवडमधली चिखली मध्ये येते. तिथे २०२५ मध्ये नगररचना योजना निघाली: सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, त्यातून रस्ते आणि मोकळ्या जागा काढायच्या, उरलेले आखीव भूखंड मालकांना परत द्यायचे. गावकरी रस्त्यावर उतरले आणि महापालिकेने योजना मागे घेतली. त्याच वर्षी शहराच्या प्रारूप आराखड्यावर हजारो हरकती पडल्या. योजना बरी होती की वाईट, हा वाद तिकडच्या लोकांचा. त्यांनी नकाशात आपली जमीन शोधली, एवढं मात्र खरं. इकडे आपण फार तर कमानीवर कोणाचं नाव आधी लिहिलंय ते शोधतो.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की कलम २६ प्रमाणे हरकती-सूचनांसाठी ३० दिवस असतात. नकाशा नगर परिषदेत पाहायला ठेवलेला असतो. राजेहो, त्या ३० दिवसांत एक चक्कर मारा. सोबत सातबारा आणि चष्मा न्या, हरकत लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.